सगळे उडणारे आणि एक चष्मेवाला

आधीच सांगते, स्पॉयलर भरपूर आहेत. पण २००६ सालच्या सिरीयलचे स्पॉयलर कसले डोंबलाचे.

‘हीरोज’ ह्या अमेरिकन सिरीयलची गोष्ट थोडक्यात सांग असं कुणी म्हटलं की माझी बोबडी वळते. सुरुवात तशी करता येते. न्यूयॉर्कमध्ये नेथन पेट्रेली नावाचा पुढारी आहे, तो निवडणुकीला उभा आहे आणि त्याला उडता येतं पण हे कुणाला कळायला नकोय, त्याचा धाकटा भाऊ पीटर नर्स आहे आणि त्याला रात्रंदिवस वाटतंय की आपणही उडू शकतो, तिकडे टेक्सासमधल्या ओडेसा गावात क्लेअर नावाची चीअरलीडर पोरगी आहे जिला कितीही लागलं तरी जखम आपोआप भरून येते, टोकियोत एका ऑफिसच्या खुराड्यात बसलेला हीरो नाकामुरा नुसत्या इच्छाशक्तीने घड्याळाचा काटा थांबवतो, लास व्हेगासला निकी आहे जिचं आरशातलं प्रतिबिंब तिच्यापेक्षा वेगळंच काहीतरी करत असतं, लॉस एंजेलिसला मॅट पार्कमन हा पोलीस आहे ज्याला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, आणि आपल्या चेन्नईत मोहिंदर सुरेश हा जेनेटिक्सचा प्राध्यापक आहे ज्याच्या वडिलांचा न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवताना खून झालाय. इथपर्यंत ठीक. मग ऐकणारा विचारतो की ह्या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, आणि तिथे सगळं घोडं पेंड खातं. कारण क्लेअर ही खरी नेथनची मुलगी असते, तिला सांभाळणारा बाप ज्या कंपनीत नोकरी करतो ती कंपनी असल्या लोकांना पकडत असते, ती कंपनी काढणाऱ्यांत हीरोचा बाप पण असतो आणि नेथनची आई पण. हे झालं फक्त पहिल्या सीझनचं.

(चेन्नईच्या माणसाचं नाव मोहिंदर आणि आडनाव सुरेश. आमच्या तामिळ मैत्रिणीने हे ऐकून कपाळावर हात मारला होता. पण एनबीसीसारख्या अमेरिकन चॅनेलच्या मेन सिरीयलमध्ये, रात्रीच्या प्राइमटाइमला, एक भारतीय माणूस दुकानदार-बिकानदार नसून शास्त्रज्ञ आहे आणि दिसायला असा, म्हटल्यावर त्याला सात खून माफ. सेंधिल राममूर्तीचा फोटो कुणाच्या तरी डेस्कटॉपवर वॉलपेपर म्हणून होता, कुणाच्या ते सांगत नाही.)

आम्ही ती पुण्यात हॉस्टेलवर बघितली. टीव्ही रूममधल्या टीव्हीवर आधी क्रिकेट आणि मग मेसवाल्या मावशींची मराठी मालिका, तिसऱ्याला जागाच नाही. त्यामुळे सगळा कारभार लॅनवर. अमेरिकेत सोमवारी रात्री एपिसोड लागायचा, मुलांच्या हॉस्टेलमधला कुणीतरी पुण्यात्मा तो उतरवायचा, आणि तिथून डीसीवरून, म्हणजे हॉस्टेलच्या नेटवर्कवर फाइली वाटायच्या सॉफ्टवेअरवरून, तो आमच्यापर्यंत कधी बुधवारी तर कधी शनिवारी पोचायचा. बरेचदा आधी पुढचा एपिसोड यायचा मग मागचा. आता विचार करा, जी सिरीयल मुळातच सहा महिने मागे, पाच वर्षं पुढे असल्या उड्या मारते ती अशी उलटसुलट बघायची. माझ्या रूममेटने इंजिनिअरिंग ड्रॉइंगची एक उरलेली शीट दाराच्या मागे चिकटवली आणि त्यावर सगळ्यांची नावं लिहून बाण काढायला सुरुवात केली, कोण कुणाचा नातेवाईक तो बाण निळा, कोण कुणाला मारणार तो लाल. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या शीटचं पार पिठलं झालं होतं.

आणि गंमत म्हणजे पुढे सिरीयलमध्येच तसली शीट आली! विसाव्या एपिसोडमध्ये हीरो आणि त्याचा दोस्त अँडो पाच वर्षं पुढच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतात, स्फोट होऊन शहर उद्ध्वस्त झालेलं आहे, आणि ते भविष्य रंगवणाऱ्या चित्रकार आयझॅकच्या जुन्या स्टुडिओत शिरतात तर तिथे छतापासून जमिनीपर्यंत दोरेच दोरे. दोऱ्यांना फोटो, कात्रणं, चिठ्ठ्या अडकवलेल्या. एकेक दोरा म्हणजे एकेक माणूस, जिथे दोन दोरे एकमेकांना भेटतात तिथे ती दोन माणसं भेटली. हे सगळं भविष्यातल्या हीरोनेच बांधून ठेवलंय, पाठीला तलवार, तोंडावर हसू नाही, आपला गोड गुबगुबीत हीरो हाच का असा प्रश्न पडावा असा. नेमका कुठला दोरा हलवला तर स्फोट टळेल हे तो शोधत असतो. त्याला उत्तर सापडलेलं असतं, ते म्हणजे ती शाळेतली पोरगी, क्लेअर. सायलरने, म्हणजे शक्तीवाल्या माणसांना मारून त्यांच्या शक्ती घेणाऱ्या व्हिलनने, तिला मारलं तर तिची जखम भरण्याची शक्ती त्याला मिळणार आणि मग तो मरणारच नाही. म्हणून तिला वाचवा.

मला वाटतं पहिला सीझन इतका गुंतागुंतीचा असूनही डोक्यात राहिला त्याचं कारण तेच आहे. दोरे शंभर होते पण सगळे एकाच खुंटीला बांधलेले. स्फोट होणार, तारीख ठरलेली, आणि आयझॅकने तो आधीच रंगवून ठेवलेला. (ती चित्रं खऱ्याखुऱ्या कॉमिक्समधल्या मोठ्या चित्रकाराने, टिम सेलने काढलेली, म्हणून ती ‘सिरीयलमधली चित्रं’ वाटत नाहीत.) त्यामुळे निकीचा कंटाळवाणा ट्रॅक चालू असला तरी, आणि तो कंटाळवाणा होताच, आपल्याला माहीत असायचं की हीसुद्धा शेवटी न्यूयॉर्कला येऊन पोचणार आहे. शिवाय प्रत्येकाची शक्ती त्याच्या दुखण्याला चिकटलेली होती. मॅटला डिस्लेक्सिया, परीक्षेत नापास होतो म्हणून डिटेक्टिव्ह होता येत नाही, आणि त्यालाच दुसऱ्याचं मन वाचता येतं. सायलर घड्याळजी, वडिलांचं दुकान चालवणारा, ‘मी कुणीतरी खास असायला पाहिजे’ ह्या एकाच विचाराने कुजलेला. त्याला घड्याळाच्या आवाजावरून कळतं त्यात काय बिघडलंय. तीच त्याची शक्ती, वस्तू कशी चालते ते समजणं, आणि मग तो माणसांची डोकी उघडून बघायला लागतो. इतका साधा आणि इतका भयंकर व्हिलन मी टीव्हीवर क्वचितच बघितलाय.

शेवटचा, तेविसावा एपिसोड मात्र आम्ही सगळ्या दहा-बाराजणी एका लॅपटॉपभोवती बसून बघितला आणि अक्षरशः ओरडलो, आनंदाने नाही. सगळेजण कर्बी प्लाझात जमले आणि मारामारी किती, तर एक-दोन ठोसे आणि एक पार्किंग मीटर. हीरोने तलवार खुपसली, झालं. तो स्फोट म्हणजे पीटरच निघतो, म्हणून नेथन त्याला उचलून आकाशात घेऊन जातो, सीन रडवणारा आहे, पण मागून एकीचा आवाज आला, ‘अगं पण पीटरला स्वतःलाच उडता येतं ना?’ त्यावर जो वाद झाला तो जेवणाच्या वेळेपर्यंत पुरला. आणि अगदी शेवटी सायलरचं प्रेत जागेवर नाही. रक्ताचा ओघळ रस्त्यावरून गटाराच्या झाकणापर्यंत गेलाय आणि तिथे एक झुरळ. पहिल्याच एपिसोडमध्ये मोहिंदरने वर्गात लेक्चर देताना झुरळाचं कौतुक केलेलं, देवाने स्वतःच्या प्रतिमेसारखं काही बनवलं असेल तर ते झुरळ, कारण ते कशानेच मरत नाही, असं काहीसं. तेव्हा ते झुरळ बघून मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं पुढची सगळी कटकट त्या झाकणाखालूनच वर आली.

कारण टिम क्रिंगच्या, म्हणजे ज्याने ही सिरीयल काढली त्याच्या डोक्यात सुरुवातीला वेगळंच होतं. दर सीझनला नवी माणसं आणायची, जुन्यांची गोष्ट संपली की संपली. पण लोकांचा जीव जडला, चॅनेलचाही जडला, हीरो आणि क्लेअरला घरी पाठवायची कुणाची हिंमत होईना आणि झॅकरी क्विंटोचा सायलर तर इतका गाजला की त्याला मारणं म्हणजे हातचं गिऱ्हाईक घालवणं. मग माणसं तीच, आणि गोष्ट नवी पाहिजे. आपल्याकडच्या मालिका बघणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा अशा वेळी लेखक काय करतात. पाणी घालतात. आणि स्मृती घालवतात!

गंमत नाही करत. पीटरची शक्ती अशी की तो ज्याच्या जवळ जाईल त्याची शक्ती त्याच्यात येते. म्हणजे पहिल्या सीझनच्या शेवटी तो उडतो, गायब होतो, काळात मागेपुढे जातो, मरत नाही, मनातलं ऐकतो. असल्या माणसाला संकटात टाकायचं कसं? दुसऱ्या सीझनला तो आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बंदरात एका कंटेनरमध्ये सापडतो आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. तिसऱ्या सीझनला त्याचा मेलेला समजलेला बाप जिवंत होऊन त्याच्या सगळ्या शक्ती काढून घेतो. नंतर परत मिळते पण एका वेळी एकच. हीरो तर काळ थांबवतो, म्हणजे कुठलंही संकट त्याच्यासाठी पाच मिनिटांचं काम, म्हणून त्याला दुसऱ्या सीझनचे बरेचसे एपिसोड सतराव्या शतकातल्या जपानात सोडून दिला, आणि तिसऱ्यात त्याचं मन दहा वर्षांच्या पोराचं करून टाकलं. लेखकांनी आधी पात्रांना सगळं दिलं आणि नंतर तीन वर्षं ते परत काढून घेण्यात घालवली. माझी आई त्या सुमारास सुट्टीत एक एपिसोड माझ्याबरोबर बघत बसली होती, अर्ध्या तासाने म्हणाली, ‘हे आमच्यासारखंच आहे की गं, फक्त ह्यांचे कपडे बरे आहेत.’

त्यात २००७ च्या नोव्हेंबरात हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला. तो फेब्रुवारीपर्यंत चालला, आणि दुसरा सीझन अकरा एपिसोडांवर गुंडाळला. संपाच्या तोंडावर क्रिंगने एका मासिकाला मुलाखत देऊन कबूलच करून टाकलं की वेग फार कमी पडला, हीरोला जपानात नको तितका ठेवला, क्लेअरची प्रेमप्रकरणं जमली नाहीत. चालू सिरीयलचा मालक अशी कबुली देतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. मूळ बेत असा होता की त्या सीझनमधला विषाणू शेवटी खरोखर बाहेर पडणार आणि पुढचा सगळा भाग साथीचा. संपामुळे शेवट बदलला, विषाणूची कुपी जमिनीवर पडायच्या आत पीटर झेलतो, साथ रद्द. पण त्या आधी पीटर आपल्या आयरिश मैत्रिणीला, केटलिनला, साथीनंतरच्या भविष्यात घेऊन गेलेला असतो, तिथे त्यांची ताटातूट होते, तो एकटा परत येतो. आता ते भविष्यच रद्द झालं म्हटल्यावर केटलिन गेली कुठे? सिरीयलने परत तिचं नावही काढलं नाही. पीटरनेही फारसं काढलं नाही, ह्याचा मला जास्त राग आहे. आमच्या दाराच्या शीटवर केटलिनच्या नावापासून निघालेला निळा बाण हवेत लटकत राहिला तो शेवटपर्यंत.

तिच्यासारखे इतरही. न्यू ऑर्लिन्सची मोनिका, जी टीव्हीवर बघितलेलं काहीही लगेच करून दाखवायची, ती पण अशीच विरून गेली. पण अर्धवट सुटलेल्या दोऱ्यांपेक्षा मला जास्त लागलं ते चार्लीचं. पहिल्या सीझनला हीरोला टेक्सासमधल्या एका खाणावळीत वेट्रेस भेटते, चार्ली, एकदा वाचलेलं कधीच न विसरणारी, त्याच्यासाठी पुस्तकावरून जपानी शिकायला लागलेली. सायलर तिला मारतो. हीरो तिला वाचवायला एक दिवस मागे जायला बघतो आणि पडतो जाऊन सहा महिने मागे. तिच्या प्रेमात पडतो, आणि तेव्हा तिच्याकडूनच त्याला कळतं की तिच्या मेंदूत रक्ताची गाठ आहे, सायलर नसता तरी ती फार दिवस जगली नसती. तो रिकाम्या हाताने परत येतो. काळ हातात असलेला माणूस, आणि एका मुलीला वाचवू शकला नाही. हीरो तिथे मोठा झाला. बरं, चौथ्या सीझनला काय केलं? हीरो परत मागे गेला, चक्क सायलरलाच दमदाटी करून चार्लीच्या डोक्यातली गाठ काढून घेतली, चार्ली वाचली! मग तिला दुसऱ्याच कुणीतरी काळात कुठेतरी लपवलं आणि ती सापडली तेव्हा म्हातारी. हा ट्रॅक बघताना मला रडू यायला हवं होतं, पण पहिल्या वेळी जे रडले होते तेच वाया गेल्यासारखं झालं.

असं एकदा झालं की सगळ्यावरचाच विश्वास उडतो. कुणी मेलं तर आपण रडत नाही, थांबतो. क्लेअरचं रक्त टोचलं की मेलेला उठतो हे तर दुसऱ्या सीझनलाच कळलेलं, त्यामुळे प्रत्येक मरणाच्या वेळी प्रश्न एकच, अरे मग तिचं रक्त का नाही देत? नेथन तिसऱ्या सीझनच्या शेवटी खरंच मरतो, सायलर त्याचा गळा चिरतो, तर मॅट सायलरच्याच डोक्यात ‘तू नेथन आहेस’ असं भरवतो आणि सायलर नेथनचं रूप घेऊन हिंडतो. आता ह्या क्षणी मी दुःखी व्हायचं की नाही? आणि कुणासाठी?

त्याच काळात आम्ही ‘लॉस्ट’ ही दुसरी अमेरिकन सिरीयल पण बघत होतो, तिथेही गुंता काही कमी नव्हता, ध्रुवीय अस्वल काय नि जमिनीतली झाकणं काय. पण २००७ च्या मे महिन्यात त्यांनी जाहीर करून टाकलं की अजून ४८ एपिसोड आणि २०१० ला दुकान बंद. त्यांचा शेवट आवडला नाही म्हणणारे आजही भांडतात, मीही त्यातलीच, पण निदान त्यांना कुठे पोचायचंय हे माहीत होतं आणि पोचताना माणसं मारायची मुभा होती. ‘हीरोज’ला पोचायचं नव्हतंच, चालत राहायचं होतं. पहिल्या एपिसोडला अमेरिकेत जवळपास १ कोटी ४० लाख लोक होते, २०१० च्या फेब्रुवारीत शेवटचा लागला तेव्हा ५० लाखही नव्हते. हॉस्टेलचं तेच, दहा-बाराजणींच्या दोघी झालो, मग रूममेटला नोकरी लागून ती बंगलोरला गेली आणि मी एकटी.

मग मी का बघत राहिले? चष्मेवाल्यासाठी.

क्लेअरचा बाप. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, साधा सूट, कागदाच्या कंपनीत सेल्समन असल्याचं सांगतो. आधी तो व्हिलनच वाटतो. त्याला सगळे फक्त ‘मिस्टर बेनेट’ म्हणतात, पाळण्यातलं नाव, नोआ, कळतं ते पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडला. जॅक कोलमनचं काम मुळात छोटं होतं, पण तो इतका भारी निघाला की त्याला मुख्य नटांमध्ये घ्यावं लागलं. आणि ह्या उडणाऱ्या, जळणाऱ्या, गायब होणाऱ्या गर्दीत त्याच्याकडे काहीही शक्ती नाही. फक्त पिस्तूल आणि थापा.

सतरावा एपिसोड त्याचा आहे. इतर सगळे ट्रॅक बंद, बेनेटचं घर आणि त्याच्या आठवणी. मॅट आणि टेड (हा टेड म्हणजे चालताबोलता अणुबॉम्ब) घरात घुसून सगळ्यांना धरून ठेवतात. बायको, मुलगा, क्लेअर, तो मिस्टर मगल्स नावाचा कुत्रा. टेड चिडून बायकोवर उठतो. मॅटला मनातलं ऐकू येतं हे बेनेटला माहीत आहे. तो तोंडाने काहीच बोलत नाही, फक्त मनात म्हणतो, क्लेअरला गोळी घाल. मॅट हबकतो. आपणही. मग लक्षात येतं की तिला मारलं तरी ती उठणार हे घरात त्याला ठाऊक आहे, टेडला नाही. म्हणजे दुसऱ्याची शक्ती आपल्या डोक्यातून वाकवून, स्वतःच्या पोरीला गोळी घालून, तो बायकोचा जीव वाचवतो. बाकीच्यांनी चार सीझन ज्या शक्त्या वापरल्या त्यातली एकही मला इतकी जबरदस्त वाटली नाही.

मध्ये मध्ये जुन्या गोष्टी येतात. एका गच्चीवर हीरोचा बाप तान्ही क्लेअर त्याच्या हातात देतो, शेजारी छोटा हीरो व्हिडिओ गेम खेळत बसलेला, आणि अट अशी की मुलीत काही शक्ती दिसली तर ती कंपनीची. नोकरीचाच भाग म्हणून मिळालेली मुलगी. एका पुलावर त्याला स्वतःच्या पार्टनरवर गोळी झाडायला लावतात. आणि शेवटी टेडला शांत करायला क्लेअर आगीत जाते, अंगाची राख झालेली बाहेर येते आणि साहेबासमोरच तिची कातडी परत भरायला लागते, म्हणजे बिंग फुटलंच. मग बेनेट त्याच पुलावर हैतीयनला, आठवणी पुसणाऱ्या साथीदाराला, घेऊन जातो. मला गोळी मार, क्लेअरला घेऊन पळ, आणि ती कुठे आहे हे मला कळेल असं काहीही माझ्या डोक्यात ठेवू नकोस. आयुष्यभर ह्याच हैतीयनकडून त्याने बायकोच्या आठवणी पुसून घेतल्यात, इतक्या वेळा की ती बिचारी आजारी पडली. आता स्वतःच्या. दुसऱ्या सीझनचा पीटरचा स्मृतिभ्रंश लेखकांच्या सोयीचा होता, हा त्याने स्वतः मागून घेतलेला, आणि म्हणून पुढचे इतके रद्दी एपिसोड मी सहन केले की कधीतरी परत हा माणूस असं काहीतरी करेल. अधूनमधून करायचाही.

२०१५ ला ‘हीरोज रीबॉर्न’ आली, तेरा एपिसोड. मी तोवर पुण्यातच नोकरी, लग्न वगैरे. रात्री सगळे झोपल्यावर लावली. आणि नोआ बेनेट टेक्सासमध्ये टेड बार्न्स ह्या नावाने जुन्या गाड्या विकतोय, दुसरं लग्न करायच्या बेतात आहे आणि एक वर्षापूर्वीचं त्याला काही आठवत नाहीये. परत आठवणी पुसून घेतलेल्या, परत स्वतःच, आणि परत क्लेअरसाठी. फक्त क्लेअर ह्या वेळी पडद्यावर नाहीच, ती बाळंतपणात मेली असं सांगून मोकळे झाले. जी मुलगी पहिल्या एपिसोडमध्ये उंचावरून स्वतःला खाली टाकून, निखळलेला खांदा जागेवर बसवून, कॅमेऱ्यात बघत ‘हा सहावा प्रयत्न’ म्हणते, तिला बाळंतपणात. मी लॅपटॉप बंद केला, मग दुसऱ्या दिवशी उरलेली बघितलीच.

परवा भाच्याने विचारलं, मावशी ती तुझी जुनी सिरीयल बघू का, रील्सवर आली होती. म्हटलं बघ की, पहिला सीझन डोळे मिटून बघ. तो म्हणाला, आणि नंतरचे? म्हटलं नंतरचे नको बघूस. चार दिवसांनी त्याचा मेसेज, ‘पीटरला आयर्लंडमध्ये कुणी नेलं???’ पुढे तीन प्रश्नचिन्हं. त्याला आता केटलिन भेटेल.